अपघात न घडण्याचे श्रेय

जगाची रीत अशी आहे की जे घडते त्याचीच गणना होते. कोणी मंदिर बांधले, विहीर खोदली, अन्नदान केले, तर लोक ते पाहतात व वाखाणतात. परंतु धर्माचा एक मोठा भाग असा आहे की त्याचे फळ डोळ्यांना दिसतच नाही; कारण काही अनिष्ट न घडणे हेच त्याचे फळ होय. जी माता रांगत्या मुलाला चुलीपासून दूर ठेवते, तिचे पुण्य कोणत्या वहीत लिहावे? मूल भाजले नाही, एवढेच काय ते घडले. वीस-पंचवीस वर्षे मालमोटार चालवूनही ज्याच्या हातून एकाही जिवाला इजा झाली नाही, त्या चालकाचे कर्म याच जातीचे आहे.

या कर्माची थोरवी समजण्यास एकच आकडा पुरे. भारत सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ मनुष्ये मरण पावली. म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक घरांत अकाली शोक शिरला. ज्या रस्त्यांवर हे घडते, त्याच रस्त्यांवर रात्रंदिवस राहून ज्याने कोणाच्याही घरी तो शोक पोचू दिला नाही, त्याचे जीवन सामान्य कसे म्हणावे?

अशा चालकांचा गौरव करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. महाराष्ट्रात राज्य परिवहन महामंडळ दीर्घकाळ विनाअपघात सेवा करणाऱ्या बसचालकांचा सत्कार करते. अमेरिकेत ‘नॅशनल सेफ्टी कौन्सिल’ ही संस्था दहा लक्ष मैल निर्दोष वाहन चालविणाऱ्यास सन्मान देते. दहा लक्ष मैल म्हणजे सुमारे सोळा लक्ष किलोमीटर. पृथ्वीला चाळीस प्रदक्षिणा घालाव्यात एवढे हे अंतर आहे. वर्षातील ३०० दिवस रोज ४०० किलोमीटर गाडी चालविली, तरी ते पुरे होण्यास तेरा वर्षांहून अधिक काळ लागतो. त्या सन्मानाची एक अट विचार करण्याजोगी आहे. तेथे केवळ ‘अपघात झाला की नाही’ एवढेच पाहिले जात नाही, तर ‘टाळता येण्याजोगा अपघात झाला का’ हे पाहिले जाते. कायद्याने दोष दुसऱ्याचा ठरला, तरी अपघात टाळण्यासाठी जे जे शक्य होते ते चालकाने केले होते का, असा तेथील प्रश्न असतो.

येथेच मूळ शंका उपस्थित होते. अपघात झाला नाही, याचे श्रेय नेमके कोणाचे? चालकाचे, यंत्राचे, की दैवाचे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. मालमोटारीच्या प्रवासात ही पाचही स्पष्ट दिसतात. अधिष्ठान म्हणजे शरीर. डोळे तेजस्वी व झोप पुरी झालेली असली पाहिजे. कर्ता म्हणजे चालविणारा. करण म्हणजे साधने. चाके, ब्रेक, दिवे. चेष्टा म्हणजे क्षणोक्षणी होणाऱ्या हातापायांच्या हालचाली. आणि दैव म्हणजे अकस्मात रस्त्यावर धावत आलेले वासरू, दरडीवरून सुटलेला दगड, समोरच्या वाहनाचा फुटलेला टायर. म्हणून ‘मीच सर्व केले’ असे म्हणणारा चुकतो. आणि ‘सर्व दैवानेच केले’ असे म्हणून बेफिकीर राहणाराही चुकतो. पाचांतील चार कारणांशी मनुष्याच्या दक्षतेचा संबंध आहे, हे त्याने विसरता कामा नये.

ती दक्षता कशी असते ते घाटात पाहावे. खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना जाणता चालक गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो व इंजिनाच्या ओढीनेच तिचा वेग आवरतो. लोभी चालक थोडे डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो. मग सगळा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात, आणि ऐन वळणावर धरत नाहीत. वाचलेल्या डिझेलची किंमत काही रुपये, आणि पणाला लागलेले प्राण मात्र अमूल्य. वेगाचेही तसेच. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, ब्रेक लावल्यावरचे ते अंतर जवळजवळ चौपट होते. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. तीन सेकंद डुलकी लागली तर ती ६५ मीटरांहून अधिक अंतर आंधळेपणाने कापते. चौदाव्या अध्यायात प्रमाद, आळस आणि निद्रा ही तमोगुणाची बंधने म्हणून सांगितली आहेत. हा उपदेश केवळ ध्यानाला बसणाऱ्यांसाठी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी पहाटे तीन वाजता महामार्गावरील चालकाची अवस्था मनात आणावी.

आता दोन चालकांची कल्पना करावी. पहिला मद्य पिऊन, न झोपता, अतिवेगाने वर्षानुवर्षे गाडी हाकतो. पण योगायोगाने त्याच्या वाटेत कोणी आले नाही. दुसरा प्रत्येक नियम पाळतो, तरी एके दिवशी कोणी अचानक त्याच्या गाडीसमोर येतो आणि त्याचा उपाय चालत नाही. जगाच्या नोंदवहीत पहिला निष्कलंक व दुसरा कलंकित ठरेल. धर्माच्या नोंदवहीत तसे नाही. मनुष्याचा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, या भगवंताच्या वचनाचा अर्थ येथे प्रत्यक्ष कळतो. पहिल्याने दररोज परक्याच्या प्राणांवर जुगार खेळला. तो जिंकत गेला म्हणून जुगार धर्म होत नाही. दुसऱ्याने दररोज प्राणिमात्रांचे रक्षण केले; एका दिवसाच्या दैवाने ते रक्षण खोटे ठरत नाही. मात्र त्या क्षणानंतरही त्याचे कर्तव्य उरते. भयाने पळून न जाता थांबणे, जखमी मनुष्याला उचलून रुग्णालयात पोचविणे, आणि जे घडले ते सत्य सांगणे, हेच त्या वेळचे कर्म होय.

यावर कोणी म्हणेल की फळाची आसक्ती सोडावी हीच जर गीतेची आज्ञा असेल, तर परिणामाची चिंता तरी कशाला करावी? ही शंका घातक आहे आणि तिचे निरसन झालेच पाहिजे. अठराव्या अध्यायातच भगवंतांनी तामस कर्माचे लक्षण सांगितले आहे. पुढे काय परिणाम होईल, किती हानी होईल, कोणाची हिंसा होईल आणि आपले सामर्थ्य किती आहे, याचा विचार न करता मोहाने जे आरंभिले जाते ते तामस. म्हणजे परिणामाचा विचार करणे हे फलासक्ती नव्हे. तो विचार न करणे हाच तमोगुण आहे. आसक्ती सोडावयाची ती स्वतःला मिळणाऱ्या लाभाची. दुसऱ्याच्या जीविताविषयीची आस्था ही आसक्ती नसून दया आहे. निष्काम कर्मयोगी बेफिकीर नसतो. त्याच्याइतका सावध दुसरा कोणी नसतो, कारण स्वार्थाने त्याची दृष्टी मळलेली नसते.

आणि म्हणूनच या चालकाला आणखी एका सूक्ष्म धोक्यापासून जपावे लागते. तो धोका म्हणजे स्वतःच्या निष्कलंकतेचाच अभिमान. वीस वर्षे काही झाले नाही, आता काय होणार, असे ज्या दिवशी वाटले त्या दिवशी दक्षता ढिली पडली. तसेच ज्याला रस्त्यावरील माणसापेक्षा आपली नोंद प्रिय झाली, तो लहानसा धक्का लपवील, जखमीकडे पाठ फिरवील. सात्त्विक कर्ता आसक्तिरहित, अहंकाराचे न बोलणारा, धैर्य व उत्साह यांनी युक्त आणि सिद्धी-असिद्धीत निर्विकार असतो. असा चालक काल किती वर्षे पूर्ण झाली ते मोजीत नाही. आज गाडी सुरू करण्यापूर्वी ब्रेक, टायर व दिवे पाहतो.

पण हा विचार केवळ चालकापुरता नाही. गृहस्थाच्या घरातील धान्य, औषध, वस्त्र यांतील पुष्कळसे मालमोटारीनेच आलेले असते. माल अमुक वेळी पोचलाच पाहिजे असा हट्ट धरणारा व्यापारी, फेऱ्या वाढाव्यात म्हणून चालकाला झोपू न देणारा मालक आणि घाईने वस्तू मागविणारा ग्राहक, हे सर्व त्या प्रवासाच्या पापपुण्याचे वाटेकरी आहेत. १९६१ साली संसदेने मोटार-परिवहन कामगारांसाठी केलेल्या कायद्यात सामान्यतः दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, अशी मर्यादा घातली होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलनही अनिवार्य झाले. परंतु ज्याच्या हाती भाडे व मुदत ठरविणे असते, त्याच्या अंतःकरणात दया नसेल तर कायदा कागदावरच राहतो.

महाभारतातील द्रोणपर्वात एक प्रसंग आहे. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध न झाल्यास अग्निप्रवेश करण्याची अर्जुनाने प्रतिज्ञा केलेली होती. त्याहून कठीण मुदत कोणती असणार? तरीही घोडे थकलेले व बाणांनी विद्ध झालेले पाहून भररणात रथ थांबविण्यात आला. अर्जुनाने पायउतार होऊन शत्रूला रोखले, आणि जगन्नियंत्या भगवंतांनी स्वतः घोडे सोडून त्यांच्या अंगातील बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले. विश्रांतीनंतर रथ पुन्हा जोडला गेला, आणि प्रतिज्ञाही पूर्ण झाली. जो मालक थकल्या चालकाला ‘आणखी शंभर किलोमीटर जा’ म्हणतो, त्याने या सारथ्याचे स्मरण करावे.

ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही, तो भक्त भगवंतांना प्रिय असल्याचे बाराव्या अध्यायात सांगितले आहे. ज्या चालकामुळे रस्त्याने चालणारी शाळकरी मुले, बैलगाडी हाकणारा शेतकरी आणि सायकलवरचा मजूर निर्धास्त घरी पोचतात, त्याचे चाक हीच त्याची जपमाळ होय. प्रत्येक गृहस्थानेही आपले वाहन रस्त्यावर आणताना हेच व्रत धरावे. संध्याकाळी दीप लावताना आजच्या दिवसात आपल्या हातून कोणाला इजा झाली नाही एवढे म्हणता आले, तर त्या न घडलेल्या गोष्टीबद्दल परमात्म्याचे आभार मानावेत. आणि श्रेय त्याच्या चरणी ठेवून उद्याची सावधगिरी मात्र स्वतःकडे ठेवावी.