गारवा आणि रसविघ्न

नाट्यमंडप गुहेसारखा, लहान गवाक्षांचा आणि निर्वात, म्हणजे वारा न शिरणारा, असावा असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे, कारण त्यावाचून नटांचा आवाज घुमत नाही. चित्रपटगृहाला तीच बंदिस्ती अंधारासाठी स्वीकारावी लागली, आणि उन्हाळ्यात ती प्रेक्षकांना असह्य झाल्याने अमेरिकेतील अनेक चित्रपटगृहे त्या काळात बंद ठेवली जात. कलेला जे आवश्यक तेच देहाला जाचक ठरत असेल, तर देहाच्या सुखाला कलानुभवात कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न येथे उद्भवतो.

नाट्यशास्त्राचे भाष्यकार अभिनवगुप्त यांनी रसविघ्नांची, म्हणजे आस्वादाच्या आड येणाऱ्या गोष्टींची, गणना करताना प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न मानले आहे. या विचारात दुःखाबरोबर सुखही विघ्नांत गणले गेले, ही बाब येथे निर्णायक ठरते. उकाड्याचे विघ्न दूर करण्यासाठी शिकागोच्या सेंट्रल पार्क चित्रपटगृहात १९१७ साली यांत्रिक शीतकरण आले. परंतु आरंभीच्या अनेक व्यवस्थांत थंड हवा जमिनीतील झरोक्यांतून सोडली जाई आणि थंड हवा जड असल्याने ती खालीच साचे, त्यामुळे वर उकाडा कायम राहून पाय मात्र गारठत आणि काही प्रेक्षक ते वर्तमानपत्रांत गुंडाळून बसत. अमेरिकी अभियंते विलिस कॅरियर यांच्या पद्धतीत थंड हवा छताकडून संथपणे उतरवून आसनांखालून ओढून घेतली जाई. ही पद्धत १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात सुरू झाली, तेव्हा सवयीने हातपंखे हलवणारे प्रेक्षक हळूहळू थांबले, असे कॅरियर यांनी नोंदवले आहे.

पंखा थांबला त्या क्षणी विघ्न दूर झाले, आणि गारव्याकडे लक्ष जाण्याचे कारणही संपले. जाहिरातींनी मात्र याच गारव्याला आकर्षण बनवले, आणि केवळ उकाड्यातून सुटण्यासाठी तिकीट काढणारा वर्ग निर्माण झाला. कोंदट खोल्यांत राहणाऱ्या श्रमिकाने ती सुटका विकत घेतली, तर तिला गौण ठरवण्याचा अधिकार रसशास्त्राला नाही. तथापि ते सुख त्याचे वैयक्तिकच राहते, आणि रसाला अपेक्षित असलेले साधारणीकरण, म्हणजे 'माझे' व 'परक्याचे' या भेदाचा लोप, यंत्राने घडत नाही. यंत्र प्रेक्षकाला देहाच्या तक्रारीतून मोकळे करते. त्या मोकळेपणाचे काय करायचे, ही जबाबदारी चित्रपटाची आणि पाहणाऱ्याची उरते.