स्वमताची उसनवारी

शाळेत मुलांना निबंध लिहावयास शिकवावयाचे ते कशासाठी, हा प्रश्न सकृद्दर्शनी केवळ शिक्षकांच्या बैठकीतला वाटेल. ज्याच्या घरी दहावीचा विद्यार्थी आहे अशा गृहस्थाला विचारले, तर तो म्हणेल, गुण मिळावे म्हणून. भाषेच्या अभिमान्याला विचारले, तर तो म्हणेल, मराठी शुद्ध व डौलदार लिहिता यावी म्हणून. ही दोन्ही उत्तरे आपापल्या परी खरी आहेत. पण त्यांच्या मुळाशी जो तिसरा प्रश्न आहे तो नीतीचा आहे, आणि त्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे असे आम्हास वाटते. तो प्रश्न असा की, जे मत आपले नाही ते आपले म्हणून लिहून देण्याची सवय पंधराव्या वर्षी लागली, तर पुढे त्या मनुष्याच्या शब्दाची किंमत काय राहील?

2018-19 या शैक्षणिक वर्षापासून राज्यातील दहावीच्या मराठीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. प्रथमभाषा घेणाऱ्यांच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत 24 गुण उपयोजित लेखनाला आहेत, आणि त्यात वैचारिक लेखनालाही जागा आहे. कवितेच्या ओळींचे रसग्रहण निराळे मागितले जाते. एवढेच नव्हे, तर गद्य उताऱ्याखाली 'स्वमत' म्हणून एक कृती असते. तेथे विद्यार्थ्याने स्वतःस काय वाटते ते सकारण सांगावे अशी अपेक्षा आहे. ज्यांनी ही योजना केली त्यांचा हेतू स्तुत्य होता यात संशय नाही. घोकंपट्टीचा गड पाडावा आणि मुलाच्या विचाराला वाट करून द्यावी, हाच तो हेतू.

परंतु बाजार हा शिक्षणखात्याहून नेहमीच चपळ असतो. स्वमत विचारले जाणार हे कळताच स्वमताची तयार उत्तरे छापून दुकानात आली! रसग्रहणाचे तीन कप्पे ठरून गेले: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. प्रत्येक कप्प्यात कोणती वाक्ये घालावयाची तेही ठरले. कविता कोणाचीही असो, ती 'वाचकाच्या अंतःकरणाला भिडते'. भाषा कशीही असो, ती 'साधी, सोपी व ओघवती' असते. ज्या मुलाने ती कविता एकदाही मोठ्याने म्हणून पाहिलेली नाही, तोही तिने आपल्याला भारावून टाकले असे लिहून देतो. 'स्वमत' आणि 'पाठ केलेले' हे दोन शब्द एकाच वाक्यात सुखाने नांदू शकतात, हा शोध आपल्या पिढीने लावला आहे.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात याचा प्रत्यय फार स्पष्टपणे येतो. महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाला तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी-मोरगाव या बाजूंनी जी मुले येतात, त्यांपैकी पुष्कळांची घरे धानाच्या शेतीवर उभी आहेत. पऱ्हे टाकण्यापासून धान चुरण्यापर्यंतचे सारे काम त्यांनी केलेले असते. रोवणीच्या दिवसांत वर्गातील कितीतरी बाके रिकामी दिसतात. अशा मुलांना 'शेतकऱ्याचे मनोगत' हा विषय दिला म्हणजे बहुतेक वह्यांतून जो शेतकरी बोलू लागतो, तो ज्वारीचे कणीस मिरवतो, मोट हाकतो आणि स्वतःला जगाचा पोशिंदा म्हणवून घेतो. त्याच्या बांधीत कधी गुडघाभर पाणी साचत नाही. त्याच्या बायकोच्या पायांना कधी चिखल्या होत नाहीत. हलका धान लावावा की भारी, ही चिंता त्याला कधी शिवत नाही. तो शेतकरी पुस्तकातून आलेला असतो आणि पुस्तकातच परत जातो. लिहिणारा मुलगा मात्र स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर उभा राहून परक्या घराचे वर्णन करीत असतो. आपल्या अनुभवाला निबंधात स्थान नाही, लिहिण्याजोगे जे असते ते दुसऱ्याचे असते, हा धडा त्याला कोणी तोंडाने दिलेला नसतो. तो त्याने गुणांवरून ताडलेला असतो.

यावर एक सबळ आक्षेप आहे, आणि तो येथे पुरा मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आक्षेपक म्हणेल: "तुमचे हे बोलणे भरल्या पोटाचे आहे. देवरी-सालेकसा भागातील एखाद्या मुलीच्या घरी गोंडी बोलतात, कोठे छत्तीसगढी बोलतात, कोठे पोवारी, कोठे झाडीबोली. ग्रांथिक मराठी तिला शाळेतच काय ती भेटते. घरात तिच्या आधी दहावीला कोणी बसलेले नाही. अशा मुलीला तयार साचा ही नाव आहे; ती नाव काढून घेऊन तुम्ही तिला पोहण्याचे नीतिशास्त्र शिकवणार काय? शहरातल्या सुशिक्षित घरातील मुलाला स्वमत परवडते, कारण त्याच्या स्वमताची भाषा परीक्षकाची भाषा असते. शिवाय, अनुकरणावाचून कोणती विद्या आली आहे? लहान मूल आईचे बोलणे उसने घेऊनच बोलावयास शिकते. आणि ज्या मास्तरांना प्रत्येक वर्गात साठ-साठ वह्या तपासावयाच्या, ते प्रत्येकाच्या मनाचा तळ केव्हा धुंडाळणार?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यातील पुष्कळ भाग आम्हास मान्य आहे. अनुकरण हा अपराध नव्हे, आणि साचा हाही स्वतः वाईट नव्हे. पण येथे एक भेद करावयास हवा, तो केला जात नाही म्हणूनच घोटाळा होतो. मांडणीचा साचा ही एक गोष्ट आणि मताचा साचा ही अगदी दुसरी. विणकराला माग उसना दिला तर तो त्यावर आपले कापड विणतो. कापडच उसने दिले तर त्याचा हात कायमचा अडाणी राहतो. त्या मुलीला नाव द्यावी, अवश्य द्यावी; पण वल्हे तिच्या हाती असावे. आज आपण तिला जे देतो ती नाव नसून नावेचे चित्र आहे. ते दाखवून परीक्षेचा नाका ओलांडता येतो, नदी ओलांडता येत नाही. आणि हे नुकसान शहरी मुलापेक्षा तिचेच अधिक आहे; कारण त्याला घरी जेवणाच्या वेळी वाद ऐकावयास मिळतो, तिला तो मिळाला तर शाळेतच मिळावयाचा.

मग स्वमत म्हणावे तरी कशाला? जे कोणी कधी म्हटले नाही ते म्हणजे स्वमत, असे म्हटले तर जगात स्वमते फार थोडी सापडतील. जे मनात आपोआप उगवले ते स्वमत म्हणावे, तर आपले बहुतेक पूर्वग्रह त्या नावाला पात्र होतील. आमच्या समजुतीने मत कोठून आले हा प्रश्नच गौण आहे. ज्याची कारणे आपण तपासली आहेत, आणि ज्याच्या विरुद्ध जे उत्तम बोलता येईल ते ऐकून घेऊनही जे आपल्याजवळ टिकले आहे, ते आपले. आगरकरांची पुष्कळशी मते मिल्ल व स्पेन्सर यांच्या वाचनातून आलेली होती. म्हणून ती उसनी होती असे कोणी म्हणेल काय? 1887 मध्ये ते 'केसरी'तून बाहेर पडले, 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला, मित्र गमावले, आणि जिवंतपणी आपली प्रेतयात्रा निघालेली पाहिली. त्या मतांची किंमत त्यांनी रोख मोजली होती. शाळकरी मुलाने एवढी किंमत मोजावी असे आम्ही म्हणत नाही. पण विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे ऐकण्याइतकी थोडी तरी त्याने मोजलीच पाहिजे.

हे शिकवण्यासाठी परदेशाकडे धाव घेण्याचे कारण नाही. मीमांसकांच्या अधिकरणात आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, मग त्याचे उत्तर आणि शेवटी निर्णय, असा क्रम असतो. पूर्वपक्ष दुबळा मांडणे हे आपल्या शास्त्रकारांत कमीपणाचे समजले जाई. न्यायशास्त्राने तर चर्चेचे तीन प्रकार सांगून ठेवले आहेत: सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडावयाचा ती वितंडा. आपल्या वक्तृत्वस्पर्धांत जल्पाला ढाल मिळते, आणि हातातल्या फोनवर जी वादावादी चालते तिच्यात वितंडेला टाळ्या मिळतात. वादाला निवारा मिळावा अशी जागा आता शाळेची वहीच काय ती उरली आहे.

त्या वहीत विषय कोणते असावे? आमच्या जिल्ह्यात गावोगावी जुने मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे गेले. धान उभा असता पाऊस ओढ देतो, तेव्हा शेतकरी म्हणतो, तलावाचे पाणी सोडा. ढिवर म्हणतो, पाणी उतरले तर माझी मासळी मरेल. दोघांचेही पोट त्याच पाण्यावर. 'पाणी कोणाचे?' हा विषय नववीच्या वर्गाला द्यावा. शेतकऱ्याच्या मुलाने ढिवराची बाजू आधी अशी लिहावी की ती वाचून ढिवराने मान डोलवावी; ढिवराच्या मुलीने शेतकऱ्याची तशीच लिहावी. त्यानंतर दोघांनी आपापला निर्णय सांगावा. निर्णय बदलला नाही तरी चालेल. पण तो सांगणारा मुलगा आता तोच राहिलेला नसेल. असला निबंध कोणत्याही पुस्तकात तयार मिळत नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

साहित्याच्या परीक्षणाचीही हीच गत आहे. भवभूतीने आपल्या पूर्वजांचे स्थान विदर्भातील पद्मपूर असे सांगितले आहे, आणि ते आमगावजवळचे पदमपूरच होय असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. तेव्हा आमच्या मुलांनी या कवीकडे आपल्या गावचा माणूस म्हणून पाहावयास हरकत नाही. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकाची गोष्ट मराठीतून वर्गात सांगावी. सीतेचा त्याग करून बारा वर्षे लोटल्यावर राम जनस्थानात येतो. वनदेवता वासंती त्याला तोंडावर विचारते, हे तू कसे केलेस? राम लोकांकडे बोट दाखवतो. तेवढ्याने वासंतीचे समाधान होत नाही. सीता तेथेच अदृश्य रूपाने उभी राहून हे सारे ऐकते आहे. आणि जिच्यावर अन्याय झाला तीच वासंतीच्या कठोर बोलण्याने व्यथित होते. येथे मुलांना दोनच प्रश्न विचारावे: कवी कोणाच्या बाजूचा आहे? आणि हे तुम्ही कोणत्या शब्दावरून म्हणता? रामाला नाटकाचा नायक करूनही ज्याने त्याच्यावरील आरोप इतक्या प्रभावी मुखातून वदवला, त्या कवीने पूर्वपक्षाला केवढा मान दिला हे मुलांच्या आपोआप ध्यानात येईल. 'कवीची भाषा ओघवती आहे' या वाक्याची मग गरज राहणार नाही. रसग्रहण म्हणजे कवीची स्तुती नव्हे. कवीने काय केले ते त्याच्या शब्दांवर बोट ठेवून दाखवणे होय. एखाद्या मुलाने 'ही कविता मला आवडली नाही, कारण तिसऱ्या ओळीत तिचा अर्थ मोडतो' असे लिहिले, तर त्याचे गुण कापले न जाता वाढावे.

मास्तरांच्या साठ वह्यांचा प्रश्न राहिला. वर्षातून पंधरा निबंध लिहवून पंधराही न वाचण्यापेक्षा चार लिहवून ते दोनदा वाचावे, पहिल्या वाचनात केवळ 'कशावरून?' एवढेच समासात लिहावे आणि मुलाकडून पुन्हा लिहवून घ्यावे, एवढे तरी शक्य आहे. पण ते शक्य होण्यास परीक्षकानेही साथ दिली पाहिजे. ओबडधोबड भाषेतल्या खऱ्या विचाराला, गुळगुळीत भाषेतल्या उसन्या विचाराहून अधिक गुण मिळतात असे एकदा मुलांना कळले, की तयार स्वमतांचा बाजार आपोआप बसेल. तोवर शिक्षकाला दोष देणे न्याय्य होणार नाही.

हे काम आता लांबणीवर टाकण्याजोगेही राहिलेले नाही. हवा तो विषय सांगताच क्षणात निर्दोष निबंध लिहून देणारी यंत्रे मुलांच्या खिशात आली आहेत. लोक याला संकट म्हणतात. आम्ही त्यास परीक्षा म्हणू. ज्या निबंधात लिहिणाऱ्याचे काहीच नव्हते, तो निबंध यंत्राने लिहिला म्हणून काय बिघडले? तो आधीही यंत्रानेच लिहिला जात होता. फक्त ते यंत्र पंधरा वर्षांचे होते आणि त्याला निळा गणवेश होता. यंत्राला जे देता येत नाही ते एकच: मी हे म्हणतो आणि याचा जाब मी देईन, ही जबाबदारी.

पुढे ही मुले मत देतील, ग्रामसभेत हात वर करतील, पंच म्हणून सह्या करतील, साक्षीला उभी राहतील. त्या प्रत्येक ठिकाणी त्यांना कोणीतरी तयार स्वमत हातात देऊ पाहील, आणि तेथे 'कशावरून?' असे विचारणारा मास्तर जवळ नसेल. तो प्रश्न त्यांचा त्यांनाच विचारता यावा, यासाठी शाळेत निबंध शिकवावयाचा. गुण आणि डौल मागाहून आले तर उत्तमच.