चमत्काराला नमस्कार नको



२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखविले की, पृष्ठताणाने दूध चमच्यातून ओढले जाते व मूर्तीवरून खाली ओघळते. आपण हसलो. पण उद्या नागऱ्यात कोणी म्हणाले, बुद्धमूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आले, तर आपण तेही असेच तपासू काय?

केवट्टसुत्तात तथागतांनी ऋद्धीचे प्रदर्शन नाकारले. माणसाचे आचरण सुधारणारा उपदेशच श्रेष्ठ मानला. १९५६ साली नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली, ती चमत्कार पाहून नव्हे. घरातले देव काढले, पण चमत्काराची ओढ ठेवली, तर सोडलेलेच पुन्हा घरात शिरेल. मुलांना आधी तपासायला शिकवा.