पत्रिकेला एसएमएस कशाला हवेत?

पुणे

चि. राधास,


शेगावला तिसऱ्या वर्षाला तू मालवेअरवर प्रकल्प घेतलास, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. कुठलं टूल आधी शिकू, असं विचारलंस. टूलचं नंतर बघू, आधी एक प्रसंग सांगतो.

दिवाळीत चिखलीला आलो होतो तेव्हा शेजारच्या काकांनी माझ्या हातात फोन दिला होता, आठवतं? सोयाबीनच्या पट्टीचे पैसे खात्यातून गेले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली, त्यांनी उघडली आणि विचारलं त्याला ‘हो’ म्हटलं, एवढंच. ती होती एपीके फाईल, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप. रात्री मी ती लॅपटॉपवर घेतली, पण चालवली नाही. जॅडएक्स या डीकंपायलरमध्ये उघडून, अ‍ॅप कोणत्या परवानग्या मागतं ते सांगणारं मॅनिफेस्ट वाचलं. एसएमएस वाचायची परवानगी, आलेला एसएमएस पकडायची परवानगी. पत्रिकेला एसएमएस कशाला हवेत? ओटीपीसाठी! पुढे कोडमध्ये सापडलं, की आलेला प्रत्येक मेसेज एका टेलिग्राम बॉटकडे जात होता.

बाळा, कोड वाचताना दर वेळी हेच विचार: याच्या कामाला हे लागतं का? जिथे उत्तर मिळत नाही तिथे खणत राहा.

चालवून बघायची घाई नको. चालवायचंच तर वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर, स्नॅपशॉट घेऊन, नेट तोडून. तिथे मालवेअर गप्प राहिला म्हणून साधा समजू नकोस. एम्युलेटर ओळखून झोपेचं सोंग घेणारे पुष्कळ असतात. वाचनाला पर्याय नाही.

इथल्या कॉसमॉस बँकेचं प्रकरणही मुळापासून वाच. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी गेले, त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून, बनावट कार्डांवर. खात्यात शिल्लक आहे का, ही विचारणा बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोचलीच नाही. मध्येच बसवलेला खोटा स्विच ‘द्या’ म्हणत राहिला.

आणि एक, हे मी कळकळीनं सांगतो. परवानगीशिवाय कुणाच्याही सर्व्हरला हात लावू नकोस, निकालाच्या साइटलासुद्धा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कुठे दोष दिसलाच तर सरकारच्या सर्ट-इनला कळव आणि दुरुस्ती होईपर्यंत मैत्रिणींतही बोलू नकोस.

काकांची ती फाईल पासवर्ड लावून झिप करून पाठवतो आहे. पासवर्ड फोनवर सांगेन. आधी मॅनिफेस्ट वाच आणि काय खटकलं ते लिहून कळव.

तुझा,
मामा