मासे लाइट गेल्यानं मेले नाहीत

रात्री लाइट गेली, हवेचा पंप बंद पडला आणि सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते, असं तू गावभर सांगत फिरतो आहेस. ते आता बंद कर. भोकरदनला लाइट जाते हे तुला कळायला लागल्यापासून माहीत आहे. जे होणारच आहे त्याला अपघात म्हणत नाहीत. तुझे मासे त्या रात्रीच्या आधीच अर्धमेले झाले होते आणि ते तू केले होतेस. खाली बस आणि शेवटपर्यंत ऐक.

परसात हजार लिटरची टाकी आणलीस, तिच्यावर दीड चौरस मीटरचा खडीचा वाफा बांधलास, पाणी वर चढवून परत टाकीत पडेल अशी सोय केलीस. खडीही आपली काळी घेतलीस, चुनखडी नाही घेतलीस. इथपर्यंत तुझं काम चोख. पण टाकी भरली त्याच संध्याकाळी तू तिच्यात दोनशे बोटुकली सोडलीस. नळाचं पाणी, त्याला ब्लिचिंग पावडरचा वास, आणि त्यात कोवळे जीव! दोन दिवस पाणी उघडं ठेवून, त्यात हवा सोडून क्लोरीन उडू द्यायचा होता. तेवढाही दम तुला निघाला नाही.

नायट्रोजनचं चक्र मी तुला शिकवलं आहे. फळ्यावर काढलं होतं, तू वहीत उतरवलं होतंस, परीक्षेत मार्कही घेतलेस. ॲक्वापोनिक्स म्हणजे तेच चक्र, परसात मांडलेलं. मासा अमोनिया सोडतो आणि तो त्यालाच विष असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते झाडाची मुळं घेतात. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. नवीन काहीच नाही यात. तुला वाटलं मासे आणि पालक एवढीच माणसं लागतात या संसाराला. सगळं काम तर खडीच्या दाण्यांवर बसलेले हे जिवाणू करतात, आणि ते फार सावकाश वाढतात. चार ते सहा आठवडे लागतात. त्यांच्याआधी मासे सोडणं म्हणजे दुधाला विरजण न लावता सकाळी दह्याला वाटी घेऊन बसणं.

मासे नसताना जिवाणूंना खायला काय द्यायचं, हेही तू विचारलं नाहीस. अमोनियम क्लोराइड द्यायचं. कल्हईवाला वापरतो तो नवसागर हाच, फक्त बाजारातला भेसळीचा न घेता शुद्ध घ्यायचा. हजार लिटरला आठेक ग्रॅम टाकलं की लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन होतं. मग रोज मोजायचं. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं. मग नायट्राइट उतरतं आणि नायट्रेट दिसायला लागतं. टाकलेला सगळा अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्यावर आलं, की त्या दिवशी टाकी माशांसाठी तयार.

‘तपासणीचा संच महाग पडतो,’ असं तू मला सांगितलंस. टाकीला पैसे होते, पंपाला होते, दोनशे बोटुकलीला होते. मोजायला मात्र नव्हते! सामू मोजला नाहीस, म्हणून तुला कळलंच नाही की आपलं बोअरचं आणि धरणाचं कठीण पाणी अशा वेळी किती घातक ठरतं. पाण्याचं तापमान ३० अंश आणि सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला शेकडा एक भागही जहाल रूपात नसतो. सामू ८ झाला की तोच भाग सात-आठ टक्क्यांवर जातो. अमोनिया तेवढाच, विष जवळजवळ दहापट. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. कल्ले आधीच भाजलेले, पाण्यात हवा आधीच कमी, आणि मग पंप थांबला. लाइटीनं फक्त शेवटचा धक्का दिला.

आता गणित कर. तोंडी कर, कागद नको. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं छोट्या ॲक्वापोनिक्सवर २०१४ साली पुस्तक काढलं आहे. त्यात पालेभाजीसाठी रोजचं माशांचं खाद्य एका चौरस मीटरला ४० ते ५० ग्रॅम धरलं आहे. तुझा वाफा दीड चौरस मीटरचा, म्हणजे फार तर ७५ ग्रॅम. मोठा मासा दिवसाला वजनाच्या दीड टक्का खातो असं धर. म्हणजे तुझा वाफा पाच किलो मासे पेलतो. अर्धा अर्धा किलोचे दहा. दहा! आणि तू दोनशे सोडलेस, वर ते वाढावेत म्हणून दिवसातून चार वेळा खाद्य टाकलंस. न खाल्लेलं खाद्य तळाला कुजतं आणि त्याचाही अमोनियाच होतो.

सगळ्यात जास्त राग मला पुढच्या गोष्टीचा आला. मासे वर येऊन तोंड वासायला लागले तेव्हा तू सगळी टाकी रस्त्यावर ओतून दिलीस आणि पुन्हा नळाच्या पाण्यानं भरलीस. जे थोडेफार जिवाणू खडीवर बसू लागले होते तेही क्लोरीननं मारलेस. आणि पाणी कुणाचं ओतलंस? जुई धरण आटलं की या गावात काय होतं ते तू पाहिलं आहेस. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या. तुझी आई अजून घागर मोजून पाणी वापरते. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी उभारलेल्या ॲक्वापोनिक्समध्ये रोज एकूण पाण्याच्या सुमारे दीड टक्का भर घालावी लागे. आपलं ऊन पाहता इथं जास्त लागेल, तरीही जमिनीतल्या भाजीपेक्षा ते फार कमी. केळनेच्या कोरड्या पात्राशेजारी राहणाऱ्यांना हे तंत्र उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून तर जीव तुटतो. आता गल्लीतला जो तो म्हणेल, असलं काही आपल्याकडे होत नसतं. ते तू करून ठेवलंस.

वाफ्यात मिरची लावलीस, तीही चूक. पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार मलाही माहीत आहे, पण फळं देणाऱ्या झाडाला पोटॅश फार लागतं आणि माशांच्या खाद्यात ते कमी पडतं. आधी पालक, पुदिना. पानं शिरांमधून पिवळी पडली तर चिलेटेड लोह. आणि फुलकिडे दिसले म्हणून उद्या फवारा उचललास तर याद राख. पानावरून ओघळलेला थेंब थेट टाकीत जातो.

कुणीतरी तुला सांगितलंय की थाई मांगूर टाक, तो कशातही जगतो. तो मासा या देशात २००० सालापासून बंद आहे. निसटून केळनेत गेला तर पूर्णेत जाईल, पूर्णेतून गोदावरीत, आणि तिथले आपले मासे खाईल. हे नाव पुन्हा काढायचं नाही.

टाकी विकू नकोस. तिच्यावर झाकण घाल, उन्हानं शेवाळ धरतं. पंपाला बॅटरी जोड. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं जाऊन आपलं पाणी, ऊन आणि थंडी कोणत्या माशाला सोसेल ते विचार. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीही विसरू नकोस. पाऊस लागला की पाणी भर, नवसागर टाक आणि शंभर पानी वही कर. तारीख, तापमान, सामू, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. रोज. एकही दिवस रिकामा नको. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आलेलं पान मला आणून दाखव, मग दहा मासे आण. त्याआधी अकरावा मासा तर सोडच, पहिलाही आणायचा नाही.