धुराचा किलोवर हिशेब

ऊर्जा आणि पर्यावरणाचा कायदा शिकायला आपली मुलं दिल्ली-बंगळूरला जातात, ऐपत असेल तर परदेशी. जावं की. पण या विषयाचा सगळ्यात रोकडा धडा सुरतेत आहे, तिथल्या डाइंग मिलांच्या चिमण्यांत.

कापड रंगवायला वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर आणि बॉयलरला कोळसा. १९८१च्या वायुप्रदूषण कायद्याखाली चिमणीला मर्यादा होती: एका घनमीटर धुरात कण अमुक मिलिग्रॅमच. मोडली तर खटला, तुरुंग, नाहीतर वीज-पाणी तोडून मिलला टाळं. शिक्षा इतकी जबर होती, की ती द्यायला सहसा हात धजत नसे.

२०१९मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने वेगळीच वाट धरली. बाजारातल्या मिलांनी मिळून एकूण किती कण सोडायचे ते ठरवलं आणि त्याचे किलोवर परवाने काढले. बहुतेक फुकट, थोडे लिलावात. ज्याचा धूर कमी त्याने उरलेले विकावेत, ज्याचा जास्त त्याने विकत घ्यावेत. धुरातल्या कणांचा असा बाजार जगात पहिलाच. मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी तीनशेहून अधिक मिलांची सोडत पद्धतीने बाजारातल्या आणि बाजाराबाहेरच्या अशा दोन गटांत विभागणी करून तो तपासला. बाजारात आलेल्या मिलांचे कण २० ते ३० टक्क्यांनी घटले.

व्यापाऱ्यांचं शहर, भाव लावला की कळतं, असं म्हणून हसण्यावारी नेऊ नये. मोजयंत्रं दोन्ही गटांतल्या चिमण्यांवर होती. फरक पडला तो फक्त जिथे यंत्रावरच्या आकड्याला पैशाचं बंधन होतं तिथे. नुसता आकडा कोणाला हलवत नाही. त्याच्यामागे कायदा उभा राहिला की हलवतो. विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा, कारण मग पुढचा प्रश्न येतोच: हा कायदा काय मोजत नाही?

कार्बन, उदाहरणार्थ. फिल्टर राख अडवतो, कोळसा जळतोच. कार्बनच्या बाजाराला कायद्याचा आधार मिळाला तो २०२२मध्ये, ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाल्यावर. एकच चिमणी, पण कायदे दोन.

आणि दुसरं, माणसं. पांडेसरा, उधना, लिंबायत भागांत जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. शहराचा एकूण धूर घटला तरी परवाने विकत घेणारी मिल नेमकी त्यांच्याच वस्तीला लागून असू शकते. बेरजेत ते दिसत नाही. २०२४मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क घटनेच्या १४ आणि २१व्या कलमांत असल्याचं मान्य केलं. त्याच २१व्या कलमात लिंबायतमधल्या कामगाराची फुप्फुसंही बसतात.

म्हणून सुरतेतल्या आणि खानदेशातल्या विधी महाविद्यालयांना एक विनंती: या विषयाचा अभ्यासक्रम आखाल तेव्हा निदान एक सत्र पांडेसऱ्यात भरवा, आणि शिकवायला वकिलाबरोबर बॉयलरवरच्या कामगारालाही बोलवा.