इंजिन कुणाचं?

ऊस माझा, ट्रक मालकाचा आणि स्टेअरिंगवरचा हात ड्रायव्हरचा. मग रेडिएटरात पाणी किती आहे, हे बघायचं कुणी? प्रश्न साधा वाटतो. पण गाळपाच्या हंगामात भरलेला ट्रक रस्त्यात बसला की त्याचंच भांडण होतं. मालक म्हणतो, ड्रायव्हरनं बघायला पाहिजे होतं. ड्रायव्हर म्हणतो, गाडी काय माझ्या बापाची हाय? आणि तोडलेला ऊस तिथंच वाळून वजनाला कमी होत राहतो.

आपल्याकडं एक समज घट्ट बसलाय. कूलंट बर्फाच्या मुलखात लागतं, इथं कुठं पाणी गोठतंय? म्हणून बोअरचं पाणी ओततात. ज्यानं ठिबक केलंय त्याला त्या पाण्याचा गुण सांगायला नको. ड्रीपरची भोकं ज्या क्षारानं बुजतात, तोच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. मग उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. कूलंट गंज धरू देत नाही आणि साधं पाणी 100 अंशांना उकळतं, त्यापेक्षा ते उशिरा उकळतं. म्हणजे आपल्या उन्हाळ्यालाही ते लागतंच.

मोठ्या डिझेल इंजिनात लायनरच्या बाहेरून पाणी खेळतं. थरथरीनं त्यात बारीक बुडबुडे होतात, फुटतात आणि लोखंडाला टोचत राहतात. चांगलं कूलंट नसेल तर हळूहळू भोक पडून पाणी ऑईलमध्ये उतरतं. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं की समजावं, दुखणं आत गेलंय. काळ्या ऑईलला मात्र लगेच नावं ठेवू नयेत. इंजिनातली काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे. ते वेळेवर बदललं की झालं.

बैल आजारी पडला की वैरण सोडतो. इंजिनाला काटा असतो, पण पाणी गळून सेन्सरच्या खाली गेलं, तर काटा खरं सांगेलच असं नाही. आत भाजत असतं आणि काटा गप्प. तक्रार नाही म्हणजे सगळं बरं आहे, हा हिशेब इंजिनालाही लागू नाही आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही नाही.

सकाळी गार इंजिन, गाडी सपाटीवर. पट्टी ओढून ऑईल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघायचं, पाणी बघायचं. पाच मिनिटांचं काम. त्याची शाबासकी मिळत नाही, कारण न झालेला बिघाड कुणाला दिसत नाही.

माझा न्याय असा : हात ज्याचा त्यानं बघावं, खिसा ज्याचा त्यानं द्यावं. ड्रायव्हरनं कूलंट मागितलं, मालक "पाणी ओत" म्हणाला आणि इंजिन गेल्यावर पगार कापला, तर तो अन्याय आहे. पण मालकावरचा राग इंजिनावर काढणाऱ्या ड्रायव्हरलाही माफी नाही. आणि आम्हा ऊसवाल्यांनी खेपेच्या घाईनं तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला लावू नये. आतली वाफ तोंडावर येते, ती ड्रायव्हरच्या.

ट्रक विकला जाईल, ड्रायव्हर दुसरीकडं जाईल. पण जे आपलं नाही तेही थांबून बघायची सवय ज्याला लागली, तो जिथं जाईल तिथं ती त्याच्यासोबत जाते.